काबुकीत अभिनय वारशानं मिळतो, मग 'सौभद्र'मधली सुभद्रा कुठं हरवली?

२०२५ साली जपानमध्ये 'कोकुहो' नावाचा सिनेमा आला. लांबी जवळपास तीन तास. विषय काय, तर काबुकी या जुन्या नाट्यप्रकारात बायकांच्या भूमिका करणाऱ्या एका पुरुष नटाचं आयुष्य. असला विषय कोण बघणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण लोकांनी थिएटरं भरून टाकली आणि अ‍ॅनिमेशन सोडून बाकी जपानी सिनेमांच्या कमाईत 'कोकुहो' पहिल्या नंबरवर जाऊन बसला. 'कोकुहो' म्हणजे राष्ट्राचा ठेवा.

हे वाचून मराठी माणसाला एकच नाव आठवतं, बालगंधर्व. पुरुषानं बाई व्हायचं आणि खऱ्या बायकांनी तिच्यासारखं नेसायला शिकायचं, हा चमत्कार आपल्याकडंही झालेला आहे. त्यांच्यावरचा सिनेमाही २०११ साली आला आणि गाजला.

पण एक मोठा फरक आहे. जपानमध्ये तो अभिनय आजही रोज रंगमंचावर बघायला मिळतो. आपल्याकडं बालगंधर्वांचं गाणं घराघरात आहे, पण ते चालायचे कसे, वळायचे कसे, पदर कसा सावरायचे, हे आता कुणी करून दाखवत नाही. असं का झालं? ते समजून घ्यायला दोन नाटकं शेजारीशेजारी ठेवून बघावी लागतात. एक जपानचं 'कांजिन्चो' आणि दुसरं आपलं 'संगीत सौभद्र'.

काबुकी म्हणजे नेमकं काय?

काबुकीची सुरुवात एका बाईनं केली. १६०३ च्या सुमारास क्योतो शहरात ओकुनी नावाची नर्तकी नाचगाण्याचे खेळ करायला लागली. लोकांची झुंबड उडाली, तिची नक्कल करणारे बायकांचे फड उभे राहिले. पण १६२९ साली तिथल्या सरकारनं नीतिमत्तेचं कारण देऊन बायकांना रंगमंचावर बंदी घातली. मग कोवळी पोरं बायकांची कामं करायला लागली. १६५२ साली त्यांच्यावरही बंदी आली. उरले प्रौढ पुरुष.

त्यातून 'ओन्नागाता' तयार झाले, म्हणजे स्त्रीभूमिका करणारे पुरुष नट. बंदी पुढं उठली, पण प्रथा तशीच राहिली. ज्या कलेची सुरुवात बाईनं केली, त्या कलेच्या मुख्य रंगमंचावर आजही बायकांच्या भूमिका पुरुषच करतात.

काबुकीत दोन गोष्टींना फार महत्त्व. पहिली गोष्ट म्हणजे घराणं. नटाचं नाव हे फक्त त्याचं नसतं. दांजुरो हे नाव सतराव्या शतकापासून चालत आलंय आणि २०२२ साली १३ वा दांजुरो रंगमंचावर आला. पोटचा मुलगाच वारस असतो असंही नाही. चांगला नट दत्तक घेऊन नाव पुढं नेल्याची कितीतरी उदाहरणं आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे 'काता'. काता म्हणजे ठरलेली रीत. कोणत्या शब्दावर मान वळवायची, कुठं थांबायचं, कोणत्या रंगाचा पोशाख, पंखा कसा धरायचा, हे सगळं बांधलेलं असतं. ऐन प्रसंगात नट एकदम थिजतो, डोळे वटारतो आणि बाजूला लाकडी ठोकळे खाडखाड वाजतात. त्याला 'मिए' म्हणतात. त्या क्षणी प्रेक्षकांतून नटाच्या घराण्याच्या नावानं आरोळी येते. आपल्याकडं 'वन्समोअर' यायचा, तिथं घराण्याचं नाव येतं.

कोरा कागद वाचणारा संन्यासी

'कांजिन्चो' हे काबुकीतलं सगळ्यात गाजलेल्या नाटकांपैकी एक. १८४० साली सातव्या दांजुरोनं ते पहिल्यांदा केलं. आधीच्या 'नो' नाट्यप्रकारातल्या एका नाटकावरून ते घेतलेलं आहे.

गोष्ट साधी आहे. योशित्सुने हा सरदार आपल्या थोरल्या भावाच्या रोषातून जीव वाचवून पळतोय. बरोबर मोजकी माणसं, सगळ्यांनी डोंगरात फिरणाऱ्या तपस्व्यांचा वेश घेतलाय आणि खुद्द योशित्सुने हमाल झालाय. वाटेत नाका लागतो. नाक्यावरचा अधिकारी तोगाशी विचारतो, 'देवळासाठी वर्गणी गोळा करताय ना, मग यादी वाचून दाखवा.' यादी कुठली असणार! योशित्सुनेचा सेवक बेंकेई एक कोरी गुंडाळी उघडतो आणि त्यावर लिहिलेलं असल्यासारखं खणखणीत आवाजात वाचायला लागतो.

तरीही हमालाचा संशय येतोच. तेव्हा बेंकेई आपल्याच धन्याला काठीनं बडवतो. सेवक धन्यावर हात उचलेल, हे त्या काळात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तोगाशीला खरं काय ते कळतं, पण ती निष्ठा बघून तो त्यांना सोडून देतो. शेवटी पडदा पडलेला असतो आणि बेंकेई एकटाच प्रेक्षकांमधून जाणाऱ्या लाकडी वाटेवरून उड्या घेत निघून जातो.

ती कोरी गुंडाळी कशी धरायची, तोगाशी डोकवायला लागला की कशी झटकन फिरवायची, शेवटच्या उड्या कशा घ्यायच्या, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलंय. १८८७ साली नवव्या दांजुरोनं हे नाटक खुद्द सम्राट मेइजींसमोर केलं. त्याचा शिष्य सातवा कोशिरो यानं बेंकेईची भूमिका सुमारे १६०० वेळा केली. पुढं त्याचाच मुलगा दत्तक जाऊन ११ वा दांजुरो झाला. म्हणजे आजचा बेंकेई बघताना प्रेक्षक एका अर्थानं त्या सगळ्यांना बघत असतो.

आपला खोटा संन्यासी : अर्जुन

आता पुण्यात येऊ. 'कांजिन्चो' सम्राटांसमोर झालं त्याच्या पाच वर्षं आधीची गोष्ट. १८ नोव्हेंबर १८८२. किर्लोस्कर नाटक मंडळीनं 'संगीत सौभद्र'चे पहिले तीन अंक रंगमंचावर आणले. पूर्ण नाटक पुढच्या वर्षी झालं.

नाटककार बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. जन्म १८४३ चा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. सरकारी नोकरी सांभाळून नाटकं करणारा माणूस. ३१ ऑक्टोबर १८८० ला त्यांनी 'संगीत शाकुंतल' करून मराठी संगीत नाटकाची वाट मोकळी केली होती. 'शाकुंतल' कालिदासाचं होतं, 'सौभद्र' मात्र त्यांनी महाभारतातली कथा घेऊन स्वतः रचलं.

इथंही खोटा संन्यासी आहे. बलरामाला बहीण सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे. सुभद्रेचं मन अर्जुनावर. कृष्णाला अर्जुनच हवा, पण थोरल्या भावाशी उघड भांडण नको. मग अर्जुन संन्याशाचा वेश घेतो. भोळा बलराम या 'महाराजां'ना मानानं घरी आणतो आणि त्यांच्या सेवेला सुभद्रेलाच ठेवतो. पुढं काय होणार हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत असतं, मजा असते ती ते कसं होतं हे बघण्यात.

पात्रं पुराणातली, पण वागणं सगळं पेशव्यांच्या पुण्यातल्या वाड्यासारखं. कृष्ण-रुक्मिणीचे रुसवेफुगवे बघताना लोकांना आपल्याच घरातलं जोडपं दिसायचं. त्यात शंभरावर पदं. काही चाली शास्त्रीय रागांतल्या, काही लावणीच्या वळणाच्या, तर साकी, दिंडी यांसारखे प्रकार थेट कीर्तनातून आलेले. कीर्तनात वाढलेल्या कानाला यातलं काहीच परकं नव्हतं. म्हणूनच ते गावोगावी चाललं.

भावड्या ते बालगंधर्व

पहिली सुभद्रा होती भाऊराव कोल्हटकर. जन्म १८६३ चा, बडोद्याचे. अण्णासाहेबांनी त्यांचा आवाज ऐकून त्यांना मंडळीत आणलं. लोक प्रेमानं 'भावड्या' म्हणायचे. अर्जुन होते मोरोबा वाघोलीकर. भावड्याच्या आवाजानं 'सौभद्र' डोक्यावर घेतलं गेलं. वय वाढलं तसे ते पुरुष भूमिकांकडं वळले आणि १८९९ च्या देवलांच्या 'शारदा' नाटकात कोदंड झाले. १९०१ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले. अण्णासाहेब तर त्याआधीच, १८८५ साली वयाच्या ४२ व्या वर्षी गेले होते.

मंडळीला नवी नायिका हवी होती. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा तरुण आला. लहानपणी त्याचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटलं, असं सांगतात. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या साथीनं त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. शकुंतला, सुभद्रा, भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू अशा भूमिका त्यांनी अजरामर केल्या. त्यांचे शालू, दागिने, केसांची ठेवण बघून घरंदाज बायका तशी फॅशन करायच्या. तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा कलावंत असायचा.

म्हणजे त्या घडीला आपल्याकडं सगळं होतं. शतकाच्या कसोटीला उतरणारं नाटक होतं, एका नटाकडून दुसऱ्या नटाकडं आलेली भूमिका होती आणि जीव टाकणारा प्रेक्षक होता. फक्त काता नव्हती.

पुस्तकात काय आहे आणि काय नाही

'सौभद्र'चं छापील पुस्तक उघडलं की प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहिलेली दिसते. हे पद अमुक जुन्या पदाच्या चालीवर म्हणायचं, अशी ती सूचना असते. पण सुभद्रेनं ते पद म्हणताना कुठं बसायचं, नजर कुठं ठेवायची, याची सूचना जवळपास नसतेच. ते सगळं तालमीत ठरायचं आणि नटाच्या अंगात राहायचं.

मंडळीत शिकण्याची पद्धतही तशीच होती. मंडळी म्हणजे फिरतं कुटुंब. पोरगा दहा-बारा वर्षांचा असताना यायचा, तिथंच जेवायचा, झोपायचा, आधी किरकोळ कामं करायचा आणि विंगेत उभा राहून मोठ्या नटांचं बघून शिकायचा. तालीममास्तर चाली घोटून घ्यायचे. मंडळी आहे तोवर ही शाळा चालू. मंडळी बंद पडली की शाळाही बंद.

तेवढ्यात ग्रामोफोन आला. बालगंधर्वांच्या रेकॉर्ड घरोघर गेल्या. नाटकात एकेक पद वन्समोअर घेत कितीही लांबायचं, तेच पद रेकॉर्डवर जेमतेम तीन मिनिटांत बसवलं गेलं. तरी सूर टिकला. पुढच्या गायकांना तो ऐकून ऐकून गळ्यात बसवता आला. म्हणूनच २०११ च्या सिनेमात आनंद भाटे यांना बालगंधर्वांची पदं त्याच ढंगात गाता आली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

अभिनयाची मात्र रेकॉर्ड निघत नाही. १९३५ साली बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' सिनेमात आले, पण ते संत एकनाथ म्हणून. त्यांची रंगमंचावरची सुभद्रा कशी होती हे आज मुख्यतः फोटोंवरून आणि बघणाऱ्यांच्या आठवणींवरून समजून घ्यावं लागतं. फोटोत पदर दिसतो, पण तो सावरतानाची लय काही दिसत नाही.

मग बायका आल्या, आणि ते बरंच झालं

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. पडद्यावर बाई बाईचं काम करतेय म्हटल्यावर रंगमंचावर पुरुषानं ते किती दिवस करायचं, हा प्रश्न आपोआप आला. त्याच्या थोडं आधीच हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या भावंडांनी आपली नाटक मंडळी काढून 'सौभद्र'सारखी नाटकं करायला घेतली होती. हिराबाई स्वतः सुभद्रा झाल्या. ज्या समाजात गाणाऱ्या बाईला घरंदाज मानत नव्हते, तिथं हे धाडस होतं.

इथं दोन वाटा फुटल्या. जपाननं पुरुषांची परंपरा जपली आणि बायकांना बाहेर ठेवलं. आपण बायकांना आत घेतलं आणि पुरुषांची परंपरा सोडून दिली. आपला मार्ग न्यायाचा होता, यात वाद नाही. सुभद्रेचं काम करायचा पहिला हक्क बाईलाच असायला हवा. पण त्या नादात आधीच्या पन्नास वर्षांत जे घडलं होतं, ते लिहून किंवा शिकवून ठेवायचं राहून गेलं. दोन्ही एकाच वेळी करता आलं असतं, फक्त तेव्हा कुणाला सवड नव्हती. बोलपटानं प्रेक्षक ओढून नेले होते, नाटक मंडळ्या कर्जात होत्या आणि कितीतरी नाट्यगृहांची सिनेमागृहं होत होती. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ साली पद्मभूषण असे मान बालगंधर्वांना मिळाले, पण ते मान त्यांच्या मंडळीला परत उभं करू शकत नव्हते. १५ जुलै १९६७ ला ते गेले.

आज 'सौभद्र' कोण करतं?

काबुकीच्या घराण्याच्या सगळ्यात जवळ जाणारं मराठी उदाहरण म्हणजे शिलेदार कुटुंब. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी 'मराठी रंगभूमी, पुणे' ही संस्था चालवली. जयमालाबाईंनी बालगंधर्वांबरोबर काम केलं होतं, म्हणजे त्यांनी ती परंपरा डोळ्यांनी बघून घेतली होती. त्यांच्या मुली कीर्ती आणि लता यांनी ती पुढं नेली. जयमालाबाई २०१३ साली गेल्या, कीर्ती शिलेदार २०२२ साली. एका घरावर एवढा भार असला की काय होतं, हे त्यातून कळतं.

तरी 'सौभद्र' संपलेलं नाही. पुण्यातल्या भरत नाट्य मंदिरासारख्या संस्था ते करतात. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा होते. गोव्यात देवळांच्या जत्रांमध्ये संगीत नाटकं आजही रंगतात आणि दिवसभर आपापली नोकरी-धंदा करणारी माणसं रात्री कृष्ण-अर्जुन होतात.

जपाननं मात्र या धोक्यावर एक उपाय वेळेत केला. १९७० पासून तिथल्या राष्ट्रीय नाट्यगृहानं घराण्याबाहेरच्या मुलांना काबुकी शिकवायला सुरुवात केली. २००८ साली काबुकी युनेस्कोच्या वारसा यादीत आलं. म्हणजे घराणी आहेतच, पण सगळा भरवसा त्यांच्यावर ठेवलेला नाही.

आणि जालन्याचं जांबसमर्थ

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं. जिथं घराणं नाही, मंडळी नाही, धड नाट्यगृह नाही, तिथल्या माणसानं अभिनय शिकायचा कुठून?

याचं एक उत्तर जालना जिल्ह्यात आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांबसमर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पण नाटकवाल्यांना ते आणखी एका कारणासाठी माहीत आहे. इथला शेतकरी नाटककार राजकुमार तांगडे यानं गावातल्याच पोरांना घेऊन नाटकं केली. विजेच्या तारेवर टाकल्या जाणाऱ्या आकड्यावरचं 'आकडा' हे त्यातलंच. पुढं दिग्दर्शक अतुल पेठे जांबला आले आणि मकरंद साठे यांनी लिहिलेलं 'दलपतसिंग येती गावा' हे माहिती अधिकाराच्या लढ्यावरचं नाटक गावकऱ्यांना घेऊन उभं राहिलं. शेतात राबणारी माणसं रंगमंचावर आली आणि मोठ्या शहरांत जाऊन खेळ करून आली.

२०१२ साली 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. लेखक तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, संकल्पना आणि गाणी संभाजी भगत यांची. त्यातले बरेच कलाकार जालना जिल्ह्यातले होते. मराठवाडी बोली, गावाकडची चाल, पारावर बसायची ढब हे सगळं त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते आधीपासून अंगात होतं, त्याला फक्त रंगमंच मिळाला.

हाही वारसाच, पण त्यालाही तोच धोका आहे जो 'सौभद्र'ला होता. नाटक पुस्तकात छापलं जातं, गाणी मोबाईलवर राहतात. पण जांबच्या त्या पोरांनी एखादा प्रसंग कसा उभा केला, हे पुढच्या पोरांना कोण सांगणार?

मग करायचं काय?

घराणी आता नव्यानं निर्माण होणार नाहीत, आणि व्हायला हवीत असंही नाही. पण काताची कल्पना उसनी घ्यायला हरकत नाही. आज एका साध्या फोनवर तालीम चित्रित करता येते. जुन्या नटानं नव्या नटाला 'इथं तीन पावलं, मग थांब, मग बघ' असं सांगताना कॅमेरा चालू ठेवता येतो. १९१० साली हे शक्य नव्हतं, आज आहे. गावातल्या जत्रेत, गणपतीत किंवा सप्ताहात कुणी म्हातारा माणूस जुन्या नाटकातलं एखादं काम करून दाखवत असेल, तर तेवढं गाणंच रेकॉर्ड करून थांबू नये. त्याचे हात आणि पायही फ्रेममध्ये घ्यावेत.

बेंकेईच्या हातातल्या गुंडाळीवर एक अक्षर नाही, तरी पावणेदोनशेहून जास्त वर्षं ती न चुकता वाचली जाते. कारण ती कशी वाचायची हे प्रत्येक पिढीनं पुढच्या पिढीला समोर बसवून शिकवलं. 'सौभद्र'चं पुस्तक आपल्याकडं पूर्ण लिहिलेलं आहे. समोर बसवून शिकवायचं तेवढं राहिलं.